तालमीतला चेंडू

दिग्रसहून कोणी कोल्हापूरला निघाला की आळीतली माणसे हटकून तीन जिनसा आणायला सांगतात : अंबाबाईचा प्रसाद, कोल्हापुरी वहाणा आणि गूळ. मंडळी शौकीन असली तर तांबड्या मसाल्याचा एखादा डबा चौथा. पण 'तिथला फुटबॉल तेवढा पाहून या' असे कोणी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आम्हां वऱ्हाडकरांच्या लेखी कोल्हापूर म्हणजे कुस्ती. फुटबॉल हा कलकत्त्याचा, फार तर गोव्याचा खेळ, अशी आमची पक्की समजूत.

या समजुतीला आमची जमीनही कारण असावी. दिग्रसची माती काळी, कापसाची. पावसाळ्यात ती चपलेला धरते ती सोडत नाही, आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की चेंडू राहू द्या, पळणाऱ्या पोराचा पाय शाबूत राहिला तरी पुष्कळ. या मातीत कबड्डी रुजली. फुटबॉल शाळेच्या स्नेहसंमेलनापुरता येतो आणि हवा गेली की कपाटात जातो. हातपंप कोणाजवळ आहे याचा शोध पुढच्या वर्षी.

तेव्हा कोल्हापूरचा फुटबॉल पाहायला म्हणून मुद्दाम निघालो, ही गोष्ट घरी जरा चोरूनच ठेवावी लागली. दिग्रसहून दारव्हा, कारंजा करीत एस.टी.ने मूर्तिजापूर गाठायचे. पूर्वी दारव्ह्याहून 'शकुंतला' नावाची नॅरोगेजची गाडी मूर्तिजापूरला नेऊन सोडीत असे, तीही आता बंद पडली आहे. मूर्तिजापूरला दुपारी महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली की दुसऱ्या दिवशी दुपारी आपण कोल्हापुरात. नावाप्रमाणे ही गाडी सारा महाराष्ट्र दाखवते आणि कोणत्याही स्टेशनचा अपमान करीत नाही.

कोल्हापुरात उतरल्यावर पहिली गोष्ट समजते ती ही, की इथे फुटबॉल आणि कुस्ती वेगळ्या नाहीत. संघांची नावेच पाहा ना : खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. पायांनी खेळायच्या खेळाच्या संघाला तालमीचे नाव जगात आणखी कुठे असेल असे वाटत नाही. तालीम म्हणजे पेठेतली चार भिंतींची जागा, आत तांबड्या मातीचा हौदा, कोपऱ्यात शेंदूर फासलेला मारुती. शाहू महाराजांनी या तालमींना राजाश्रय दिला. १९०२ साली ते विलायतेला गेले असता वाटेत त्यांनी रोमचे प्राचीन रंगमंडळ पाहिले आणि त्याच धर्तीवर पुढे खासबागचे कुस्तीचे मैदान बांधले, ही हकीकत कोल्हापूरचे शेंबडे पोरही सांगते. महाराज १९२२ साली गेले. पुढे राजाराम महाराजांच्या अमदानीत, १९४० साली, कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन स्थापन झाली. तिला सारे गाव 'केएसए' म्हणते. साहेबाचा चेंडू संस्थानात आला खरा, पण त्याला ठेवायला जागा मिळाली ती तालमीतच. त्यामुळे जी पोरे पहाटे हौद्यात लोळत होती तीच संध्याकाळी चेंडूमागे धावू लागली. तीच गणपती बसवतात, पंचगंगेला पूर आला की तीच दोर घेऊन पाण्यात उतरतात.

हे ध्यानात आले म्हणजे कोल्हापूरच्या फुटबॉलचे निम्मे कोडे सुटते. इथला संघ क्लबाच्या कचेरीतला नसतो, पेठेतला असतो. त्याला मालक नाही. खर्च वर्गणीतून चालतो, कधी पेठेतला एखादा पुढारी हात सैल सोडतो. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यातली चुरस तर अशी, की एकीकडची मुलगी दुसरीकडे दिली तर सामन्याच्या दिवशी जावयाने सासरवाडीला जेवायला जाऊ नये हे बरे. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. तो सुरू होण्याआधी खेळाडूंची नोंदणी होते, आणि कोणता गडी कोणती तालीम सोडून कुठे गेला याची चर्चा गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर रात्री उशिरापर्यंत रंगते. म्हशीचे धारोष्ण दूध पीत इतकी कडू चर्चा मी दुसरीकडे ऐकली नाही.

सामना पाहिला तो शाहू स्टेडियमवर. चारचे ऊन, खाली साधी पायऱ्यांची बैठक, आणि सामना दोन पेठांचा असल्याने पायऱ्यांचीही वाटणी झालेली. मी अजाणता एका बाजूला जाऊन बसलो. शेजारच्या फेटेवाल्या आजोबांनी शेंगांची पुडी पुढे केली.

"कुठलं म्हनायचं पावनं?"

"दिग्रस."

"ते कुठं आलं?"

"यवतमाळ जिल्ह्यात."

"म्हंजे नागपूरकडं! मग हितं कुनाच्या बाजूनं?"

कोणाच्याच नाही, खेळ पाहायला आलो, असे म्हणताच आजोबांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की मी मुकाट्याने त्यांच्या पेठेचा झालो. पुढचा तास मी त्यांच्यासारखाच ओरडत होतो. खेळाविषयी खरे सांगायचे तर वेग उदंड, धक्काबुक्की भरपूर आणि चेंडू जमिनीपेक्षा हवेत अधिक. पण पेठेतल्या पोराने गोल केला तेव्हा पायऱ्यांवरून जो आवाज उठला तो मात्र मुंबईच्या मोठ्या मैदानांवरही सहजी कानी पडायचा नाही.

या मोठ्या मैदानांवरच्या संघांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा १९६२ पासूनचा संघ २००६ साली राष्ट्रीय विजेता झाला, आणि २०१० साली कंपनीने तो बंद केला. पुणे एफसी आणि मुंबई एफसी हे दोन्ही संघ २००७ साली निघाले, दहा वर्षांच्या आत-बाहेर दोन्ही मिटले. २०१४ साली थाटामाटाने आलेला पुण्याचा दुसरा संघ २०१९ साली विसर्जित झाला. गोव्याच्या डेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, पण २०१६ साली साळगावकर व स्पोर्टिंग यांच्यासह त्याने राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. महासंघाच्या धोरणाशी मालकांचे पटले नव्हते. त्या लीगमध्ये तो परतला तो थेट २०२४ साली. यांच्यापाशी पैसा होता, परदेशी खेळाडू होते, मार्गदर्शक होते. मालकाने वही मिटली की संघही मिटला. तालमीच्या संघाची वहीच मुळात धड नाही, तेव्हा ती मिटणार कोण?

मग कोल्हापूरचेच बरे असे म्हणावे तर तेही घशाखाली उतरत नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत इतक्या वेडाच्या गावाने देशाला किती खेळाडू दिले? २०१७ साली भारतात मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या त्या सतरा वर्षांखालील संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता आणि गावाला आनंदाचे भरते आले. पण तो तयार झाला तो घर सोडून, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. पेठेत राहिलेला तितकाच गुणी पोरगा पेठेचा हिरो होतो. पोस्टरवर झळकतो, तिशीला गुडघा धरून बसतो आणि मग आयुष्यभर पायऱ्यांवरून इतरांना शहाणपण सांगतो. शिवाय पेठेचे प्रेम उतू गेले म्हणजे दगड येतात. सामने अर्धवट थांबले, हंगाम बंद ठेवावे लागले, पोलिसांचा बंदोबस्त प्रेक्षकांइतका झाला, हे सगळे कोल्हापूरने पाहिले आहे. मधल्या काळात तालमींनी आफ्रिकी खेळाडू आणवले. त्यांचे कौतुकही झाले, पण पेठेतल्या पोराची एक जागा गेली ती गेलीच.

सभासदांचा, वस्तीचा संघ मोठा होऊच शकत नाही काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायला जरा लांब, पार नॉर्वेपर्यंत जावे लागते. तिथल्या क्रीडासंघटनेच्या नियमाने क्लब हा सभासदांचाच असतो, कोणा शेटजीला तो विकत घेता येत नाही. ट्रोंडहाइम या गावात १९१७ साली काही पोरांनी एक संघ काढला. १९२८ साली त्याला त्यांनी आपल्या वस्तीचे नाव दिले : रोसेनबोर्ग. म्हणजे पेठेचाच संघ म्हणा ना! या पेठेच्या संघाने १९९२ ते २००४ अशी ओळीने तेरा वर्षे देशाचे विजेतेपद सोडले नाही, आणि १९९६ च्या डिसेंबरात इटलीत जाऊन बलाढ्य मिलानला त्याच्याच मैदानावर २-१ ने हरवले. पुढे त्यालाही उतरती कळा लागली. २०१८ नंतर विजेतेपद त्याच्या वाटेला गेलेले नाही.

त्याची जागा घेतली ती बोडो या गावाच्या 'ग्लिम्ट' संघाने. बोडो आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, वस्ती जेमतेम पन्नास हजारांची, म्हणजे आमच्या दिग्रसच्या जातकुळीतलेच गाव, फक्त कापसाऐवजी बर्फ. उत्तरेकडच्या संघांना देशाच्या चषकात १९६३ पर्यंत आणि वरच्या लीगमध्ये १९७२ पर्यंत प्रवेशच नव्हता. यांना काय खेळता येणार, असा दक्षिणेकडच्या शहाण्यांचा हिशेब. हा संघ २०१६ साली खालच्या वर्गात घसरला, वर्षाने परत आला आणि २०२० साली पहिल्यांदा विजेता झाला. २०२१ साली त्याने रोमाला ६-१ असे लोळवले. २०२५ साली तो युरोपा लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला. खेळाडूंची मने घट्ट करायला त्यांनी एका लढाऊ विमानाच्या माजी वैमानिकाला नेमले होते. आपल्याकडे अशा कामाला पेठेतले म्हातारे असतात, पण ते मने घट्ट करण्याऐवजी घसे मोकळे करतात.

फरक प्रेमाचा नाही, वाटेचा आहे. बोडोपुढे खालच्या वर्गापासून युरोपपर्यंत एक जिना होता. पायरी चढायला फक्त सामने जिंकावे लागत. खंडोबा तालमीने किंवा पाटाकडीलने हंगामातल्या साऱ्या स्पर्धा जिंकल्या तरी तो जिना शाहू स्टेडियमच्या फाटकाशी संपतो. इंडियन सुपर लीग २०१४ साली निघाली तेव्हा तिच्यात शिरायची वाट बोलीची होती. आय लीग जिंकून तिच्यात जायची संधी पंजाबच्या संघाला मिळाली ती २०२३ साली. मग पोरांनी पेठेपलीकडचे स्वप्न पाहावे ते कशाच्या आधारावर? समोरच्या पेठेला हरवले की जग जिंकले, असेच त्यांना वाटणार.

वरिष्ठ गटातल्या सोळा संघांतले उत्तम खेळाडू निवडून गावाचा एकच संघ करावा, ही कल्पना कोल्हापुरात नवी नाही. दूधकट्ट्यावर ती काढून पाहिली. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग त्या संघाचा कप्तान कोणत्या पेठेचा यावर जे सुरू झाले ते मी निघेपर्यंत मिटलेले नव्हते.

गंमत अशी की हे काम पोरींनी करून टाकले आहे. 'एफसी कोल्हापूर सिटी' या नावाचा मुलींचा संघ राष्ट्रीय महिला लीगमध्ये उतरला आणि २०२० च्या आरंभी बंगलोरला झालेल्या स्पर्धेतही खेळला. तालमीच्या हौद्यात बायकांना पाऊल टाकायची सोय नव्हती, तेव्हा या मुलींना ना पेठ, ना तालीम, ना पायऱ्यांची वाटणी. त्यांच्या अंगरख्यावर नाव होते ते सबंध गावाचे. आजोबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी शेंगांची टरफले झटकली, जरा विचार केला आणि विचारले,

"व्हय, पर त्यातल्या आपल्या पेठेतल्या किती?"