कोरी राहिलेली जागा

आमच्या भालकी तालुक्यात जुन्या घरांतून एक पत्र्याची पेटी असते. तीत निजामी अमलातले उर्दू कागद, काही मराठी चिठ्ठ्या आणि १९५६ नंतरचे कानडी उतारे. आप्पा गेल्यावर आमच्या पेटीत वहीचे एक पान निघाले. त्यांच्याच अक्षरात, मराठीत: ‘विहिरीजवळची मी घेतलेली दोन एकर जमीन अक्काला द्यावी.’ खाली त्यांची सही आणि एका साक्षीदाराची. दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी.

वकीलसाहेबांनी पान वाचून चष्मा काढला. म्हणाले, “गुरुजी, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, मराठीही चालते. पण १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे साक्षीदार दोन हवेतच. हे मृत्युपत्र ठरत नाही.” आई आधीच गेलेली, म्हणजे ती जमीन आम्हा तिघा भावंडांत सारखी वाटली जाणार.

खोटे कशाला सांगू, क्षणभर मला बरे वाटले. त्या बरे वाटण्याची लाज अजून जात नाही. शेवटी आम्ही दोघा भावांनी अक्काला हक्कसोडपत्र करून दिले.

यंदा मी माझे मृत्युपत्र लिहिले. मजकूर माझाच, कोणाला काय आणि का, हे वकिलाला कसे ठाऊक असणार? पण आधी त्यांच्या नजरेखालून घातले आणि मग दोन शेजाऱ्यांसमोर सही केली, त्यांच्याही घेतल्या. आप्पांनी नकळत मुलांच्या चांगुलपणाची परीक्षा घेतली. मला ती घ्यायची नाही.