उसनं विरजण

माणसानं स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं आमच्या लहानपणी प्रत्येक मोठं माणूस सांगत असे. सांगणारे बहुतेक त्या वेळी आरामखुर्चीत पडलेले असत. इंग्रजांची मजल याच्याही पुढची. आपल्याच बुटांचे बंद धरून स्वतःला वर उचलायचं, असा वाक्प्रचार त्यांच्यात आहे. संगणकवाल्यांनी तो भलताच मनावर घेतला. संगणक सुरू होण्याला ते 'बूट होणं' म्हणतात, ते त्यावरूनच.

डेबियन नावाची एक फुकट मिळणारी संगणकप्रणाली आहे. इयन मर्डॉक या तरुणानं ती १९९३ साली काढली आणि नावात डेब्रा या आपल्या मैत्रिणीला स्वतःच्या आधी बसवलं. संसाराची एवढी अक्कल इतक्या लवकर फार थोड्यांना येते. या डेबियनचा किमान संसार रिकाम्या जागेत मांडून देणारं अवजार म्हणजे डीबूटस्ट्रॅप. चिरंजीव नोकरीसाठी जर्मनीला निघाले, तेव्हा जुना लॅपटॉप आणि ही विद्या मला देऊन गेले.

एकच ओळ टाइप करायची : कुठली आवृत्ती, कुठल्या कप्प्यात. मग ते एकेक गाठोडं उतरवतं, सोडतं आणि जागच्या जागी लावतं. 'मिनबेस' म्हटलंत, तर ज्यावाचून अडेल तेवढंच, आणि पुढचं सामान आणायला 'ॲप्ट' नावाचा एक गडी. मजकूर दुरुस्त करायला साधा एडिटरसुद्धा नाही! त्याच आठवड्यात आमची ही मुलाच्या बॅगेत 'अगदी किमान' सामान भरत होती. त्यात पुरणयंत्र होतं.

"बघा बाबा, शून्यातून संसार!" चिरंजीव म्हणाले.

शून्यातून कसला? हे अवजार चालवायलाच आधी एक चालती प्रणाली लागते. बरं, एवढं मांडून झालं तरी 'कर्नल', म्हणजे घराचा जीव, त्यात नसतोच. 'सीएचरूट' म्हणून नव्या घरात शिरायचं, ते जुन्याच कर्नलच्या जिवावर. तिथं बसून आपला कर्नल मागवायचा, बूटलोडर बसवायचा, मग कुठं ते स्वतःच्या पायावर उभं राहतं. उभं राहिलं की जुनं पुसून टाकलं तरी चालतं.

आमचं १९८८ सालचं डोंबिवलीचं बिऱ्हाडही असंच. एक खोली, एक स्टोव्ह, दोन पातेली. दूध होतं, पण विरजण कुठलं? शेजारच्या काकूंनी वाटीतून दिलं. काकू गेल्या, चाळही पडली. त्यांचं दही मात्र आमच्या घरात अजून लागतं आहे.

निराळ्या जातीच्या प्रोसेसरसाठी डीबूटस्ट्रॅप अर्धंच काम इथं करतं. सामान बांधून देतं, उरलेली मांडामांड त्या यंत्रानं तिकडे करायची. या सोयीचं नावच मुळी 'फॉरेन'. हिला हे समजावून सांगितलं, तर म्हणाली, "मग मी वेगळं काय करत्ये?"

महिन्याभरानं मुलाचा फोन आला. वरच्या मजल्यावरच्या तुर्की आजींनी वाटीभर दही दिलं होतं. "आई, विरजण किती घालायचं गं?"

हिनं प्रमाण सांगितलं. वर बजावलं, "आणि वाटी रिकामी परत द्यायची नाही हं!"