कोडोलीकर

कोडोलीत आमच्या भावकीत एकही कोडोलीकर नाही. सगळे पाटील. आणि ते बरोबरच आहे म्हणा, गावात राहून गावाचं नाव कोण लावणार? तिथं सगळेच कोडोलीचे. हे आडनाव लागतं ते गाव सुटल्यावर, आणि पुष्कळदा ते लावतं दुसरंच कुणीतरी.

आमचं तसंच झालं. आजोबा पन्हाळा तालुक्यातल्या या वारणाकाठच्या गावातून कोल्हापूरला आले आणि उद्यमनगरात लेथवर लागले. कारखान्यात आधीच तीन पाटील. (कोल्हापुरात दगड भिरकावला तर तो पाटलालाच लागायचा!) मिस्त्री हाक मारायला लागला, "ए कोडोलीकर!" तेच हजेरीपटावर आलं, तिथून वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर, आणि मग आम्हा सगळ्यांवर. बरं, नावावरून गाव कळतं म्हणावं तर तेही अर्धंच. साताऱ्याला लागून आणखी एक कोडोली आहे. "म्हणजे तुम्ही साताऱ्याचे का?" हे ऐकण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

एकाच गावातून किती तऱ्हेची आडनावं निघतात बघा. गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर. आणि त्याच मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी, त्यांचं आडनाव देवळातल्या अभिषेकाच्या मानावरून. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडिलांनी शाळेत नाव घालताना आडनाव गावावरून लावलं आणि त्यातून पुढे आंबेडकर आलं. मला यात मोठी गोष्ट दिसते. पाटील, कुलकर्णी, सुतार म्हटलं की वतन किंवा धंदा कळतो आणि समोरचा मनातल्या मनात पुढचा हिशोब करून मोकळा होतो. 'कर' म्हटलं की त्याला निदान थोडं थांबावं लागतं.

साहेबाच्या देशातही ही पद्धत आहे, पण तिथलं एक उदाहरण मजेशीर आहे. बाराव्या शतकात हार्टबर्नचा विल्यम नावाचा एक सरदार डरॅम भागातल्या वॉशिंग्टन गावी जमीन घेऊन राहिला आणि त्या नव्या गावाचं नाव लावू लागला. त्याचाच वंशज जॉर्ज वॉशिंग्टन. आपण सोडलेल्या गावाचं नाव लावतो, त्यानं गाठलेल्या गावाचं लावलं. त्या न्यायानं आम्ही कोल्हापूरकर व्हायला हवे होतो. असो.

हे सगळं उकरायचं कारण म्हणजे सातबारा. कोडोलीत आमच्या वाट्याची अर्धा एकर जमीन आहे आणि उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव, पाटील म्हणून. वडील "करू की पुढच्या वर्षी" म्हणत राहिले आणि गेले. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कोडोलीकर. आता पाटलाचा मुलगा कोडोलीकर कसा, हे कागदावर सिद्ध करायचं! प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, पंचनामा, कचेरीचे चार हेलपाटे. प्रत्येक वेळी एक कागद कमीच.

ती जमीन तीस वर्षं तात्या कसतोय, माझा चुलतभाऊ. त्याला काहीच करायची गरज नव्हती. नुसतं "आमच्यात कोण कोडोलीकर नाही" म्हटलं असतं तरी आमचं प्रकरण लोंबकळत राहिलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण चौथ्या खेपेला तो शेतातून तसाच चिखलाच्या पायांनी आला, जबाब दिला, सही केली. बाहेर चहा पिताना म्हणाला, "दादा, तुमचं नाव आमच्या गावाचंच हाय की. आमी कसं न्हाई म्हनायचं?"

आणि नेमक्या त्याच आठवड्यात सिडनीहून पुतण्याचा फोन. तिकडे कुणाला कोडोलीकर म्हणता येत नाही, कचेरीत त्याचं 'कोडी' झालंय. लेक झाली आहे, तर तिला पाटीलच लावावं का, मूळ तेच ना, असं विचारत होता. मी म्हटलं, लाव बाबा, पण मग तुला आणि तिला बाप-लेक ठरवायला प्रतिज्ञापत्र लागेल, आणि तिथं तात्या नाही. तो हसला. वहिनी मात्र त्याच्याच बाजूनं आहेत.

फेरफाराची नोटीस निघाली आहे. त्याची मुदत संपेपर्यंत थांब, असं पुतण्याला सांगितलंय. नवा उतारा हातात आला की त्यावरचं नाव त्याला फोटो काढून पाठवीन, मग काय ते ठरव म्हणावं.