रामबागेतील एक श्रवणसंध्या

इंदूरच्या राजवाड्यापुढील गर्दी आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या मागे टाकून रामबागेत शिरले की पूर्वी कानांना मोठा आराम वाटत असे. आता जुन्या वाड्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या आणि वाहनांचा गलका घरात येऊन बसला. तरीही आमच्या घराची माडी थोडीशी अलिप्त राहिली आहे. आजोबांनी बांधलेल्या या माडीच्या भिंती दीड हात जाडीच्या, वर सागवानी तुळया आणि फळ्यांचे छत, खाली फरशी. लांबी बावीस फूट, रुंदी चौदा. या मापांशी माझी ओळख फार उशिरा, म्हणजे निवृत्तीनंतर स्टीरिओ संच मांडण्याच्या खटाटोपात झाली.

रिकाम्या खोलीत टाळी वाजविली तेव्हा समोरासमोरच्या उघड्या भिंतींमधून तिचा थरथरता पडसाद आला. एका भिंतीशी पुस्तकांची कपाटे सरकविली, फरशीवर सतरंजी घातली, तेव्हा तो निवाला. स्पीकर कोपऱ्यांत ठेवले तर तबल्याचा डग्गा घागरीसारखा घुमतो. म्हणून ते भिंतीपासून तीन फूट पुढे आणले. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण साधावा लागतो. तो साधला की मधल्या मोकळ्या जागेतच गायक बसला आहे असा भास होतो. या भासापायी दिवाणखान्याचे दिवाणखानेपण गेले, असे सौभाग्यवतींचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही.

असा संच एकट्याने ऐकण्यात समाधान नसते. दुसऱ्याने ऐकावे, मान डोलवावी आणि शक्यतो ‘आमच्याकडे असे वाजत नाही’ असे म्हणावे, ही यजमानाची खरी इच्छा असते. गेल्या पौषात एका रविवारी सायंकाळी मी सात जणांना बोलाविले. देवासचे एक स्नेही, महूचे एक निवृत्त लष्करी अभियंता, गावातील दोघे प्राध्यापक आणि इतर. सातवे होते आमच्या गल्लीतील काका.

काकांना बोलाविताना मी कचरलो होतो, हे कबूल केले पाहिजे. वय अठ्ठ्याऐंशी, कानांत यंत्र. त्यांच्याशी ओरडून बोलावे लागते. एरवीच्या दोन बैठकींना मी त्यांना वगळलेही होते. वस्तुतः ऐकण्याचा पहिला धडा मी त्यांच्याच ओसरीवर गिरविला. तेव्हा त्यांच्याकडे एकाच कर्ण्याचा रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्याच्यापुढे दर शनिवारी अर्धी गल्ली बसत असे. रेडिओवर इंदूर केंद्र 1955 साली सुरू झाले होते. परंतु हवे ते हवे तेव्हा ऐकण्याचे सुख फक्त काकांच्या ओसरीवर. उस्ताद अमीर खाँ यांचे नाव मी तेथे प्रथम ऐकले. खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगिये होते आणि खाँसाहेबांचे बालपण याच शहरात गेले, हे सांगताना काका जणू स्वतःच्या घराण्याची वंशावळ सांगत.

त्या सायंकाळी थंडी चांगलीच होती. स्वयंपाकघरात गराडू तळले जात होते. इंदूरकरांना हिवाळ्यात पाहुण्यांपुढे दुसरे काय ठेवावे हा प्रश्न पडत नाही. वर जिरावण आणि लिंबू. मात्र खाणे संपून हात धुतल्याखेरीज कोणी तबकडीच्या जवळ फिरकायचे नाही, असा मी नियम केला होता. तो सर्वांनी पाळला आणि सर्वांनी त्याची चेष्टा केली.

आधी दोन नव्या स्टीरिओ रेकॉर्डी लावल्या. आदल्या रात्री एकट्याने ऐकले होते त्याहून सगळे थोडे बसके वाटले. कारण उघड होते: आठ माणसे, त्यांच्या शाली आणि लोकरीचे कपडे ध्वनी शोषून घेतात. आवाज किंचित वाढविला. अभियंता मधल्या खुर्चीत बसून डोळे मिटून सारंगी डावीकडे आहे, पेटी उजवीकडे आहे असे सांगत होते. प्राध्यापकांपैकी एकाने आवाजाच्या ‘तेजा’ची स्तुती केली. हे तेज नव्या अँप्लिफायरचे, असे मी मोठ्या नम्रतेने सांगितले. ती नम्रता खोटी होती.

काका बाजूच्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. संगीत सुरू होताच त्यांनी कानांतील यंत्रे काढून खिशात टाकली. देवासकरांनी माझ्याकडे सूचक दृष्टिक्षेप केला. पुढे काकांनीच खुलासा केला, की ही यंत्रे बोलणे ऐकण्यासाठी आहेत, त्यांतून तंबोरा पत्र्यासारखा लागतो.

दिवस मावळला तेव्हा मी अमीर खाँसाहेबांचा मारवा काढला. ही तबकडी मोनो आहे. दोन स्पीकरांतून एकच ध्वनी येतो आणि बरोबर मध्ये उभा राहतो. स्टीरिओचा तेथे काही पराक्रम नाही. कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचमाला फाटा आणि षड्जावर विसावण्याची टाळाटाळ. मावळतीची सारी अस्वस्थता त्या स्वरांत असते. झुमऱ्याच्या चौदा मात्रा संथपणे उलगडू लागल्या. पाचएक मिनिटे झाली असतील. काका एकाएकी मोठ्याने म्हणाले,

“अरे, हे खाँसाहेब नव्हेत.”

सगळे हसले. मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडलो, “काका, त्यांचीच रेकॉर्ड आहे! तुमच्याकडे होती तीच!”

“ते मला दिसते आहे. आवाज त्यांचा नाही. पातळ झाला आहे. आणि त्यांना घाई कधीपासून झाली?”

कोणीतरी नवी साधने स्पष्ट ऐकवितात, जुन्या यंत्रांत आवाज जड लागत असे, असे समजुतीचे बोलले. माझाही तोच विचार होता. परंतु अभियंत्यांनी खुर्ची सोडली. “तबकडी फिरते किती वेगाने, हे कधी पाहिले आहे?” त्यांनी मला विचारले. मी पाहिले नव्हते. सुई बदलली होती, तारा बदलल्या होत्या, तीन वर्षांपूर्वी फिरकीचा पट्टा बदलून घेतला होता. वेग मात्र गृहीत धरला होता.

वेग तपासण्याची रेघांची कागदी चकती माझ्याकडे होती. मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांसाठी तिच्यावर 180 रेघा असतात. आपल्याकडील विजेवर लागणारा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. वेग बरोबर असेल तर त्या उजेडात रेघा जागच्या जागी स्थिर दिसतात. पण माडीवरचे सारे दिवे नवे, एलईडीचे. त्यांच्या उजेडात रेघांचा नुसता धूसर पट्टा. अखेर आठवले की मागच्या पडवीत, न्हाणीघराशेजारी, चोकवाली जुनी ट्यूब अजून आहे. मग दोन प्राध्यापकांनी टर्नटेबल उचलले, मी वायरी धरल्या, अभियंत्यांनी जिन्यावर सूचना दिल्या आणि ती पालखी खाली पडवीत उतरली. स्वयंपाकघराच्या दारातून सौभाग्यवती झारा हातात घेऊन पाहत होत्या.

रेघा स्थिर नव्हत्या. त्या फिरण्याच्याच दिशेने पुढे पुढे सरकत होत्या. अभियंत्यांनी घड्याळ लावून मोजल्या: सेकंदाला सुमारे चार. म्हणजे शेकडा चार वेग जास्त. वीस मिनिटांची बाजू पाऊण मिनिट आधी संपते आणि सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ दोन-तृतीयांश वर चढतो. तीन वर्षे मी हे ऐकत होतो. लोकांना बोलावून ऐकवीत होतो. त्या ‘तेजा’चे मूळ अँप्लिफायरमध्ये नव्हते.

वेग जुळविण्याचा स्क्रू तबकडीखालील एका भोकात होता. चष्म्याच्या पेचकसाने अभियंत्यांनी तो केसभर फिरविला. रेघा मंदावल्या, थबकल्या, उलट सरकू लागल्या. मग पुन्हा किंचित पुढे, आणि थांबल्या. काका काठी टेकीत खाली आले होते. त्यांनी चकतीकडे पाहिले नाही. “झाले का?” एवढेच विचारले.

पालखी परत वर गेली. मारवा पुन्हा आरंभापासून लावला. पहिल्याच स्वराला खोलीतील हवा जड झाल्यासारखी वाटली. आवाज खाली, छातीत उतरला होता आणि दोन मात्रांमधील जागा मोकळी झाली होती. मला एकदम काकांची ओसरी आठवली. मधली खुर्ची मी त्यांच्यासाठी रिकामी ठेवली. ते म्हणाले, “मला इथून दिसते,” आणि आपल्या जागी बसून राहिले. ऐकतो याऐवजी दिसते का म्हणाले, ते मी विचारले नाही.

बाजू संपली. सुई शेवटच्या खाचेत फिरत राहिली आणि ती उचलायला बराच वेळ कोणी उठले नाही. काकांनी खिशातून यंत्रे काढून पुन्हा कानांत बसविली.

“पलीकडच्या बाजूला दरबारी आहे,” ते म्हणाले. “ती आत्ता नको. रात्र होऊ दे. जेवून ऐकू.”

देवासकरांनी शेवटच्या बसचा विषय काढला आणि स्वतःच सोडून दिला. मी खाली जाऊन आठ पाने मांडायची आहेत हे सांगितले. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी कणकेचा डबा उघडला आणि परात माझ्या हातात दिली.