कडू वाटी, मोंगकॉक स्टाइल

रात्रीचे साडेदहा. मोंगकॉकच्या फूटपाथवरची गर्दी हटायचं नाव घेत नाही. तळणाच्या गाडीपासून चार पावलांवर टाय सैल केलेली मंडळी एका काउंटरशी उभ्या उभ्या काळाकुट्ट काढा घशाखाली ढकलतायत. बार नाही हो, हे हाँगकाँगचं ‘लेउंग छा’चं दुकान!

लेउंग म्हणजे थंड, छा म्हणजे चहा. गंमत म्हणजे यात चहाची पत्ती बहुतेकदा नसतेच, आणि वाटी येते ती कोमट, कधी चक्क वाफाळती. थंडपणा तापमानाचा नाही, गुणाचा! तळकट खाणं, जागरणं आणि लिचीचा फडशा यांनी अंगात ‘यीत हे’, म्हणजे उष्णता साठते, असं इथे घरोघरी मानतात. मग तोंड येतं, पिंपल्स उठतात, घसा खवखवतो. ‘उष्णता झालीये, सब्जा घे’ हे ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवं ते काय! फक्त बर्फाचं पाणी हा त्यावरचा उपाय नाही. त्याने पचन मंदावतं, असं चिनी वैद्यक सांगतं.

पन्नास-साठच्या दशकांत ही दुकानं तरुणांचा अड्डा होती. घरात रेडिओ-टीव्ही नसायचा, तो इथे असायचा, शिवाय ज्यूकबॉक्स. एका वाटीच्या पैशात संध्याकाळभर टाइमपास! २००६ मध्ये चीनने या काढ्याला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

पण खरा फंडा काउंटरवर नाही, घरच्या स्वयंपाकघरात आहे. उन्हाळ्यात मुगाचं गोड सूप, कोहळ्याचं सूप, आणि कारलं. कँटोनीज लोक त्याला ‘कडू’ न म्हणता ‘थंड फळ’ म्हणतात. दुसरं नाव ‘अर्ध्या आयुष्याचं फळ’, कारण ते आवडायला निम्मं आयुष्य जावं लागतं. आणि वेळेवर झोप. ती मात्र कुठल्याच काउंटरवर मिळत नाही. रात्री एकपर्यंत एक्सेल शीट, वर चिकन विंग्ज, मग एक वाटी आणि हिशेब चुकता, हा ऑफिसवाल्यांचा शॉर्टकट मला तरी पटत नाही. (आपणही अॅसिडिटीच्या गोळ्यांचं तेच करतो म्हणा!)

आधुनिक डॉक्टरांच्या पुस्तकात ‘यीत हे’ नावाचं निदान नाही. तोंडातला व्रण दोन-तीन आठवडे बरा झाला नाही तर वाटी बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. गर्भवतींनी आणि नियमित औषधं घेणाऱ्यांनी तर आधी विचारूनच प्यावं.

पहिल्यांदाच जाताय? मग ‘पाच फुलांचा’ काढा मागा. शेवंती, चाफा आणि आपल्या काटेसावरीचीही फुलं त्यात असतात, चवीला सौम्य. ‘चोवीस चवींचा’ दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवा. एकच चव लागते, जहाल कडू! सोबत सुकवलेलं आंबटगोड आलुबुखार मिळालं, तर ते शेवटच्या घोटापर्यंत खाऊ नका.