तक्त्यावरचे रंग

नांदेड

ताई,


योगवर्गातल्या चक्रांच्या तक्त्याचा फोटो मिळाला. मूलाधार तांबडं, अनाहत हिरवं, माथ्यावर जांभळं. खाली ‘प्राचीन ऋषींनी सांगितलेले रंग’. खरं का, विचारतेस. रंगांपुरतं तरी नाही. सोळाव्या शतकातल्या पूर्णानंदांच्या ‘षट्चक्रनिरूपणा’त अनाहत दुपारीच्या फुलासारखं लाल आहे आणि मणिपूर पावसाळी ढगासारखं काळंभोर. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती वुड्रॉफ यांनी तो ग्रंथ इंग्रजीत नेला. पुढे १९२७ मध्ये थिऑसॉफिस्ट लेडबीटर यांनी, दिव्यदृष्टीने पाहिली म्हणून, चक्रांची स्वतःचीच चित्रं छापली. त्यांनी तर स्वाधिष्ठान उठवून तिथे प्लीहेचं चक्र बसवलं! इंद्रधनुष्याची ही उतरंड त्याहून नवी, १९७०च्या दशकात अमेरिकेत जमलेली. आणि ती लातूरला शिकायची, कुंडलिनीवरचा ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय देव्हाऱ्यात असताना!

‘गोऱ्यांनी नासवलं,’ असं भाऊजी म्हणतील. मला ते पटत नाही. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाई आणि कर्नल ऑल्कट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा आपलीच माणसं त्यांच्याभोवती जमली. त्यांतले तुकाराम तात्या पडवळ बघ. पतंजलींची योगसूत्रं त्यांनी १८८२ मध्ये इंग्रजीत छापली. भाषांतर जुनंच, बॅलंटाइन आणि काशीच्या गोविंददेव शास्त्रींचं. प्रस्तावना ऑल्कटची, आणि तिच्यात योगाची सांगड थेट मेस्मेरिझमशी. म्हणजे पतंजलींना युरोपातल्या संमोहनाच्या शेजारी बसवणारं पुस्तक मुंबईच्या मराठी माणसाने काढलं. त्याला फसलेला भोळा म्हणायचं?

मुळीच नाही. याच तात्यांनी १८६१ मध्ये ‘एक हिंदू’ या नावाने ‘जातिभेद विवेकसार’ लिहिलं होतं. त्याची दुसरी आवृत्ती जोतीराव फुल्यांनी काढली. तुकोबांची गाथाही तात्यांनी छापली. जात, धर्म, वंश न बघता बंधुभाव, हे सोसायटीचं पहिलं उद्दिष्ट. तात्यांना तिकडे ओढलं ते यानेच असावं, ब्लाव्हाट्स्कीबाई सांगत त्या महात्म्यांच्या गूढ पत्रांनी नव्हे, असं आपलं माझं मत. शिवाय पोथ्या छापायला तिथे पैसा होता, वाचक होते. जातीचा पहारा नसलेल्या दारातून शास्त्र बाहेर काढता येत असेल, तर दाराला रंग कुणी दिला याची चौकशी त्यांनी कशाला करावी?

वर्ग सोडू नकोस, गुडघ्याला फरक पडतोय ना. बाईंना तेवढी खालची ओळ खोडायला सांग.

तुझा,
बाळू