काळी छत्री आणि दुकानाची काच

दुकानाच्या काचेचा फोटो काढायचा म्हटलं की नवखा फोटोग्राफर आधी पोलरायझर शोधतो. काचेवरचं प्रतिबिंब म्हणजे डाग, तो पुसलाच पाहिजे, अशी त्याची समजूत. मला तो डाग हवा असतो. गोंदियाच्या गोरेलाल चौकात दिवाळीच्या गर्दीत उभं राहून साडी आणि रस्ता दोन्ही एकाच फोटोत आणायचे, पण कुठे साडी दिसेल आणि कुठे रस्ता, हे मी ठरवायचं.

ते ठरवता येतं. समोरून पाहिलं तर साधी काच अंगावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम 8 टक्के परत पाठवते, बाकीचा जवळजवळ सगळा आरपार जातो. तरी भर दुपारी दुकानातलं काही दिसत नाही, कारण बाहेरच्या उन्हाचे ते 8 टक्केसुद्धा आतल्या ट्यूबलाइटला भारी पडतात. मात्र प्रतिबिंबात जिथे काही काळं येतं, मग ती झाडाची सावली असो की उभ्या ट्रकची बाजू, तेवढ्याच आकारात आतलं दुकान उघडं पडतं. काचेला नाक लावून बघणारी पोरं डोळ्यांभोवती हाताचा आडोसा करतात तो उगाच नाही.

म्हणून माझ्या झोळीत बारा महिने काळी छत्री असते. मदतनीस ती उघडून माझ्या बाजूला उभा राहतो. तो अर्धं पाऊल सरकला की काचेतला छत्रीचा काळा गोल पुतळ्याच्या खांद्यावरून पदरावर उतरतो आणि आतापर्यंत समोरच्या इमारतीखाली बुडालेली जर लख्ख दिसू लागते. दुकानदार विचारतात, "काऊन भाऊ, पानी त नाही, छत्री काऊन उघडली?" एकदा काचेत दाखवलं की मग तेच मदतनिसाला सूचना करू लागतात. (त्या फारशा ऐकायच्या नसतात.)

दुसरी गोष्ट पावलांची. प्रतिबिंब काचेवर चिकटलेलं नसतं. समोरची इमारत काचेपासून 10 मीटरवर असेल, तर तिचं प्रतिबिंब काचेमागे 10 मीटरवर उभं असतं. साडीचा पुतळा काचेमागे हातभर. त्यामुळे मी एक पाऊल बाजूला झालो की पुतळा झरकन सरकतो, इमारत मागे रेंगाळते आणि मघाशी पुतळ्याच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब त्याच्या हातात येतो. झूम फिरवून हे होत नाही, चालावंच लागतं. फोकसचंही तसंच. मी काचेपासून 2 मीटरवर असेन, तर इमारतीसाठी फोकस 12 मीटरवर हवा. काचेवर फोकस केला तर फक्त बोटांचे ठसे स्पष्ट येतात.

पॅरिसच्या युजेन आत्जेने 1925 मध्ये गोबलँ रस्त्यावरच्या कपड्यांच्या दुकानांचे फोटो काढले. सुटातल्या पुतळ्यांवर समोरची झाडं आणि इमारती चढलेल्या. रघुबीर सिंग यांनी 1989 मध्ये मुंबईच्या झवेरी बाजारात कॅमेरा थेट शोरूमच्या आत नेला: आत दागिने बघणारी गिऱ्हाइकं, काचेपलीकडे रस्त्यावरची गर्दी. मला रघुबीर सिंग अधिक धीट वाटतात. आत्जे रस्त्यावर थांबला. यांनी दुकानात बसून रस्त्यालाच शोकेसमध्ये मांडलं.

गोंदियाला वेळेचा एक फायदा आहे. आपण महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, त्यामुळे दिवाळीत सूर्य मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास आधी मावळतो. बाजार अजून भरलेला असतानाच बाहेरचा उजेड उतरून आतल्या दिव्यांच्या बरोबरीला येतो. छत्री तेव्हा मिटून ठेवायची.

पाण्याचं गणित थोडं वेगळं, पण ते शिकायला नवेगावबांधसारखी जागा नाही. लोक समजतात की पाण्यात वरचीच उलटी नक्कल दिसते. खरं तर कॅमेरा पाण्याच्या वर जितका आहे, तितकाच पाण्याखाली ठेवून वर पाहिलं तर जे दिसेल, ते प्रतिबिंबात येतं. तलावाच्या पाळीवर उभं राहून पाहा: काठाच्या झाडाच्या शेंड्यावर मागची टेकडी दिसते, पण पाण्यात तेच झाड टेकडीला गिळून टाकतं. पाळ उतरून पाण्यालगत उकिडवे बसा, वरचं आणि खालचं चित्र जुळत येतं. वारा सुटायच्या आत, म्हणजे सकाळी लवकर गेलं पाहिजे, आणि गुडघ्यांची तक्रार असेल तर बसायला पाट न्यावा.